अच्छाडची स्वरमुक्ती

अच्छाडच्या चेकपोस्टच्या थोडं अलीकडे, ट्रक धुण्याच्या जागेला लागून एक मोकळा माळ आहे. त्या रविवारी सकाळी तिथे निळ्या ताडपत्रीखाली चारेकशे माणसं बसली होती. उधव्याची, आजूबाजूच्या पाड्यांवरची, काही सीमेपलीकडून गुजरातेतून आलेली. समोर चौरंगावर पितळी ताट आणि ताटात एक मोबाइल होता. मोबाइलला काळा स्पीकर जोडलेला. शेजारी भगव्या शालीतले नादानंद महाराज डोळे मिटून बसले होते.

"ऐका," महाराज म्हणाले. "आधी यातना ऐका."

त्यांचा शिष्य संदीप याने मोबाइलवर बोट टेकवलं. स्पीकरमधून एक आवाज आला. तो बाईचा नव्हता, पुरुषाचाही वाटेना. खोल विहिरीच्या तळाशी कुणी कण्हत असावं तसा. तो आधी स्वतःचं नाव सांगत होता. "नऽऽव... शीऽऽ..." मग त्याच कण्हण्याचं गाण्यासारखं काहीतरी झालं.

पहिल्या रांगेत हात जोडून बसलेला काकड्या गुडघ्यांवर उठला. नवशी ही त्याची आई. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"आत्मा यंत्रात कैद आहे," महाराज म्हणाले. "प्रत्येक आत्म्याची एक फ्रिक्वेन्सी असते. यंत्राने ती गिळली. विज्ञानवाल्यांना विचारा, उत्तर नाही त्यांच्याकडे. आम्ही नादब्रह्माच्या बळावर ती सोडवतो."

संदीपने ताटावर लाल फडकं टाकलं आणि त्याखाली हात घालून मोबाइल 'धरून' ठेवला. महाराजांनी पाणी शिंपडलं, घंटा वाजवली, मोठ्यानं ओंकार केला. घंटा थांबली आणि फडक्याखालून नवशीचा आवाज आला. स्वच्छ, बारीक, खणखणीत. रोपणीचं गाणं. गाताना मध्येच ती खोकायची, तो खोकलासुद्धा तसाच.

काकड्या जमिनीवर आडवा झाला. बायका रडू लागल्या. मी मागे मोटारसायकलला टेकून उभा होतो आणि माझ्याही अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू? मी शाळेत विज्ञान शिकवतो, तरी आला. शिवाय मला एक गोष्ट ठाऊक होती, ती त्या मांडवात कुणालाच ठाऊक नव्हती. ते कण्हणं माझ्या हातून तयार झालं होतं. कसं, ते मात्र अजून कळलेलं नव्हतं.

जयवंतीबाई आमच्या भागात तीस वर्षं नर्स होत्या. पाड्यापाड्यांत चालत जायच्या, लसी द्यायच्या, बाळंतपणं करायच्या. शेवटची बावीसेक वर्षं पिशवीत औषधांबरोबर एक रेकॉर्डरही असायचा. कामं उरकली की त्या म्हाताऱ्या बायकांना गायला लावत. लग्नाची, रोपणीची, पोरं निजवायची गाणी. पुरुषांकडून तारपा, म्हणजे भोपळ्याचं फुंकवाद्य, वाजवून घेत. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला त्या विचारत, "नाव सांग," आणि गाणारी नाव सांगे. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्याकडे तीन हजार सातशे गाणी होती, सगळी एका हार्ड डिस्कवर.

"रूपेश सर, ही गाणी माझ्याकडे ठेवून काय उपयोग?" त्या मला म्हणाल्या होत्या. "ज्यांची आहेत त्यांच्या फोनात जायला हवीत."

अडचण अशी की फाइली अवाढव्य होत्या आणि जुन्या रेकॉर्डरच्या फाइली तर कुठल्याच फोनवर वाजत नव्हत्या. सगळ्यांचं एमपीथ्री करायचं काम मी घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत बसलो. पहिल्याच दिवशी कन्व्हर्टरने तीनशे बारा चुका दाखवल्या. लांबलचक मराठी नावं त्याला वाचता येत नव्हती. ती बदलली. मग काही फाइली अर्ध्यावर तुटायच्या, त्या वेगळ्या काढल्या. मग जुन्या रेकॉर्डरच्या अकराशे चाळीस फाइली राहिल्या. प्रोग्राम त्यांच्याबद्दल मलाच प्रश्न विचारू लागला. मी चार फाइली तपासून उत्तर भरलं, बटण दाबलं आणि सगळं सुरळीत पार पडलं. शेवटी पडद्यावर आलं, चुका शून्य.

त्या शून्यावर मी विश्वास ठेवला. नव्या गाण्यांपैकी वीसेक ऐकून पाहिली, जुन्यांपैकी एकही नाही. लॅपटॉपमध्ये जागा नव्हती म्हणून नव्या फाइलीही त्याच डिस्कवर ठेवल्या, आणि तिची दुसरी प्रतही काढली नाही. आधी रूपांतर होऊ दे, मग एकदमच प्रत काढू, असं मीच म्हणालो होतो. उधव्याच्या बाजारात आम्ही पंच्याऐंशी मेमरी कार्डं वाटली, ज्या पाड्याची गाणी त्या पाड्याला.

दोन दिवसांत बोभाटा झाला. जिवंत माणसं कार्डात नीट गात होती, मेलेली तेवढी कण्हत होती. मी स्वतः पाड्यांवर फिरून खात्री केली. खरंच तसं होतं. कण्हणाऱ्यांची नावं घ्यावीत तर एकेक करून सगळे वारलेले. माझ्याकडे या गोष्टीला उत्तर नव्हतं. महाराजांकडे होतं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी लॅपटॉप घेऊन जयवंतीबाईंकडे गेलो. त्यांनी जुनी वही काढली. प्रत्येक गाण्याचं नाव, पाडा, तारीख आणि वेळ त्यात लिहिलेली.

"नवशी, रोपणी," त्या वाचू लागल्या. "दोन मिनिटं दहा सेकंद."

मी पडद्यावर पाहिलं. नवशी, चार मिनिटं वीस सेकंद.

"पुढचं वाचा, बाई."

"धाकलीचं लग्नाचं. तीन मिनिटं पाच."

पडद्यावर सहा मिनिटं दहा. अशी दहा गाणी पाहिली, प्रत्येक बरोब्बर दुप्पट. मग मला आठवलं की प्रोग्रामने मला काय विचारलं होतं. आवाज साठवताना रेकॉर्डर दर सेकंदाला त्याचे हजारो नमुने घेतो. किती घेतले, याची नोंद नव्या फाइलीत असते. हा जुना रेकॉर्डर ती नोंद ठेवतच नव्हता. म्हणून प्रोग्रामने आकडा मला विचारला, आणि मी बावीस हजार सांगितला. मी तपासलेल्या चार फाइली आरोग्य सभेतल्या भाषणांच्या निघाल्या. त्या बाईंनी जागा वाचवायला कमी दर्जावर घेतल्या होत्या. गाणी मात्र चव्वेचाळीस हजारांवर घेतलेली. एका सेकंदाचे नमुने दोन सेकंद पुरवून वाजत होते. म्हणून गाणं लांब आणि आवाज जाड.

"आणि मेलेलेच का कण्हतात?" बाईंनी विचारलं.

"जुना रेकॉर्डर तुम्ही कधी वापरलात?"

"गाणी घ्यायला लागले ती पहिली सात वर्षं." त्यांनी वहीची पहिली पानं उलटली. "तेव्हा मी म्हाताऱ्यांनाच आधी गाठायचे. म्हटलं, तरुण काय, पुढेही सापडतील."

"म्हणून. त्या तेव्हाच साठी ओलांडलेल्या होत्या."

मी आकडा बदलला आणि नवशीचं गाणं डिस्कवरच पुन्हा रूपांतरित केलं. ती स्वच्छ आवाजात गाऊ लागली. बाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

"म्हणजे नवशी रडत नव्हती," त्या म्हणाल्या. "हळू चालत होती."

मंगळवारी दुपारी आम्ही लॅपटॉप आणि डिस्क घेऊन काकड्याच्या घरी गेलो. मला वाटलं होतं, गाणं वाजवलं की संपलं. अंगणात दहा-बारा जण बसले होते. मी गाणं वाजवलं, वहीतली वेळ दाखवली, आकड्यांचं समजावून सांगितलं. काकड्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, महाराजांनी आयला रविवारी सोडवली," तो म्हणाला. "म्हणून सोमवारी तुमच्याकडं पण नीट वाजली."

"अरे, मी आकडा बदलला म्हणून वाजली."

"शनिवारी का नाय बदलला मग?"

त्याच्या शेजारचा एक जण म्हणाला, "बिघडवलं तुमीच, आता शिकवता पण तुमीच." तेही खरंच होतं.

एवढ्यात आतून बारीक खोकला ऐकू आला. जयवंतीबाई उठून आत गेल्या. काकड्याची बायको रखमी आठ महिन्यांच्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती. बाईंनी पोराचं झबलं वर केलं. श्वासागणिक त्याच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. ओठांचा रंग गेला होता.

"कधीपासून?"

"रविवारपासून ताप," रखमी म्हणाली. "आजपासून दूध पण नाय घेत."

"दवाखान्यात का नाही नेलं?"

रखमीने नवऱ्याकडे पाहिलं. काकड्या म्हणाला, "महाराज बोलले, आय सुटली पण बाकीचे त्या डबीत हायत. ते पोराला ओढतात. डबी समुद्रात जाईपर्यंत सुई लावायची नाय. लावली तर जाईल."

डबी म्हणजे डिस्क. ती माझ्या लॅपटॉपला जोडलेली, अंगणातल्या खाटेवर होती.

बाईंनी त्यांना समजावलं. मग रागावल्या. या घरातली दोन बाळंतपणं मी केलीत, काकड्या, तुझ्या आईचे डोळे मी मिटलेत, असं म्हणाल्या. कुणी उलट बोललं नाही आणि कुणी हललंही नाही. उद्या भरतीच्या वेळी डहाणूला विसर्जन ठरलं आहे, डबी द्या आणि ती बुडेपर्यंत थांबा, एवढंच. मी फोन काढला तर दोघे जण उठून माझ्याजवळ येऊन उभे राहिले. मारायला नव्हे. नुसते उभे.

बाई दारात आल्या.

"डिस्क आत्ता दिली तर पोर आत्ता माझ्याकडे देशील?"

काकड्याने इतरांकडे पाहिलं. होकारार्थी मान हलवली.

"बाई, दोन तास द्या मला," मी म्हणालो. "प्रत काढतो. निदान जुन्या गाण्यांची."

"पोराला दोन तास आहेत का, सर?" त्यांनी मला विचारलं. आवाज चढवला नव्हता. त्या खरंच विचारत होत्या, आणि उत्तर त्यांना माहीत होतं. "तीस वर्षं मी गाणी गोळा करायला फिरत नव्हते. पोरं जगवायला फिरत होते. काढा ती वायर."

मी वायर काढली. डिस्क माझ्या हाताने काकड्याच्या हातात दिली.

बाई रखमीला आणि पोराला घेऊन जीपने डहाणूच्या दवाखान्यात गेल्या. मी दुसऱ्या दिवशी समुद्रावर गेलो. तिथे शे-दीडशे माणसं जमली होती. वाटलेल्या कार्डांपैकी बहुतेक एका मडक्यात गोळा केलेली. मी काकड्याला बाजूला घेतलं आणि पोराला ऑक्सिजन लावलाय, रात्रीपेक्षा बरं आहे, डॉक्टर सांगतात, आता हे थांबव, असं म्हणालो.

"बरं हाय ना?" तो म्हणाला. "डबी घराबाहेर काढली तेव्हापासूनच."

महाराज होडीत बसले. डिस्क लाल फडक्यात, वर दगड बांधलेला, शेजारी ते मडकं. होडी खडकांच्या पुढे, पाणी खोल असतं तिथवर गेली. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. दुरून घंटा ऐकू आली, आणि होडी परत फिरली.

आठव्या दिवशी पोर घरी आलं. न्यूमोनिया होता. इंजेक्शनं आणि ऑक्सिजन यांनी ते वाचलं. पण अच्छाडच्या माळावर महाराजांनी सांगितलं, समुद्राने आत्मे घेतले आणि बाळ परत दिलं. मांडवात आता दुप्पट गर्दी होती. ज्यांची कार्डं मडक्यात गेली नव्हती ते नंबर लावून एकेक आवाज सोडवून घेऊ लागले. नारळ, कोंबडी आणि नवा तांदूळ आणायचा. मी ज्यांना ज्यांना समजावलं त्यांनी मला एकच विचारलं, "मग पोर कसं वाचलं?" बाईंनी पोर वाचवण्यासाठी गाणी दिली, आणि त्या पोराचाच पुरावा झाला.

मग एके दिवशी जयवंतीबाईंनी बोलावलं.

"झिपरूने बहिणीच्या मुक्तीचा नंबर लावलाय. भिकीच्या."

"बरं."

"भिकी मेलेली नाही, सर."

भिकीने वीस वर्षांपूर्वी नवरा सोडला होता. पाड्यावर सगळे धरून चालले की तिने विहीर जवळ केली. प्रत्यक्षात ती सीमेपलीकडे दुसऱ्याशी संसार थाटून राहिली होती. बाईंनी तिचं तिकडचं एक बाळंतपणही केलं होतं आणि तिने सांगितलं म्हणून ही गोष्ट पोटात ठेवली होती. जुन्या रेकॉर्डरवर गायलेली ती एकटीच तरुण बाई.

शनिवारी आम्ही तिला भेटलो. ती मुक्तीबद्दल ऐकून घेत होती आणि भाजी निवडत होती. शेवटी म्हणाली, "भाऊ रडतोय का माझ्यासाठी?"

"रडतोय."

"मग येते."

रविवारी ती पदर ओढून बायकांमध्ये बसली. झिपरूचं कार्ड मोबाइलमध्ये गेलं. "भिऽऽ... कीऽऽ..." असा आवाज आला.

"पाण्यात जीव दिलाय हिने," महाराज डोळे मिटून म्हणाले. "वीस वर्षं तहानलेली आहे. भावाला पाणी मागते आहे."

"मला तहान नाय लागली," भिकी उठून म्हणाली. "येताना चहा घेतला."

तिने पदर मागे घेतला. झिपरूने तिच्याकडे पाहिलं आणि तो बसल्या जागी मागे सरकला. मग उठला, जवळ गेला, तिचा दंड चाचपून पाहिला. ती त्याला म्हणाली, "किती म्हातारा झालास रे."

महाराज क्षणभरच गोंधळले. मग हात वर करून म्हणाले, "पहा. या बाईच्या देहात भिकीचा आत्मा उतरलाय. तिला धरा."

दोन बायका खरंच तिला धरायला उठल्या. त्या क्षणी मला वाटलं, झालं, आता हेही गेलं. पण मी तयारी करून आलो होतो. मी पुढे जाऊन माझा फोन माइकला लावला. त्याच सकाळी महाराजांचं प्रवचन मी त्यावर घेतलं होतं आणि निम्म्या वेगाने करून ठेवलं होतं. स्पीकरमधून खोल विहिरीतलं कण्हणं आलं. "नाऽऽद... ब्रऽऽह्म..."

"हा कुणाचा आवाज?" मी विचारलं. "ओळखा."

एका म्हाताऱ्याने हळूच महाराजांकडे बोट केलं.

"महाराज कधी वारले?" भिकीने विचारलं. काही जण हसले. पहिल्यांदाच त्या मांडवात कुणी हसलं.

मी महाराजांचा कण्हणारा आवाज वेग दुप्पट करून वाजवला. तो त्यांचाच झाला. पाणी नाही, घंटा नाही, फडकं नाही. एवढ्यात भिकीने चौरंगावरचं लाल फडकं उचललं. मोबाइलच्या पडद्यावर एक आडवी रेघ होती आणि तिच्यावर सरकवायचा गोळा. संदीप पूर्वी लग्नांत डीजे वाजवायचा. गाण्याचा वेग आणि पट्टी बदलायचं साधं अॅप त्याने फोनमध्ये घातलेलं होतं. घंटेच्या गजरात तो फडक्याखाली गोळा 'एक'वरून 'दोन'वर न्यायचा. भिकीने तो फोन पहिल्या रांगेतल्या मुलीच्या हातात दिला आणि तिला गोळा सरकवायला सांगितला. मुलीने सरकवला. भिकी वीस वर्षांपूर्वीच्या आवाजात गाऊ लागली. जिवंत भिकी शेजारी उभी राहून ऐकत होती.

म्हणजे दोष काय आहे ते त्या दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डिस्कमध्ये कुणी कैद नाही, गाणी आहेत आणि ती एका आकड्याने नीट होतात, हे ठाऊक असूनच त्यांनी ती बुडवली. ती राहिली असती तर मुक्तीचं दुकान दोन दिवसांत बंद पडलं असतं.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली, चौकशी सुरू आहे. मांडव त्याच संध्याकाळी उठला. कुणी माझा सत्कार केला नाही, आणि करायला नकोच होता. लोक उठून गेले. काही जण माझ्यावरच चिडलेले होते. काकड्या शेवटपर्यंत बसून राहिला.

"मास्तर, आयचं गाणं?"

"ते डिस्कवर होतं."

"माझं कार्ड?"

"मडक्यात टाकलंस ना?"

संदीपच्या फोनमध्येही पाहिलं. तो कार्डं घालून वाजवायचा आणि काढायचा, ठेवलेलं काहीच नव्हतं. काकड्या ताडपत्रीची घडी घालायला लागला. मग म्हणाला, "माझ्या हातानं दिलं मी." मी म्हणालो, "माझ्याही."

वापीत कामाला गेलेल्या पोरांच्या फोनांत, डब्याडुब्यांत मिळून एकोणीस कार्डं सापडली. तीन हजार सातशेपैकी चारशे सहा गाणी. त्यांतली जुनी एकशे तीस मी नीट केली, आणि यावेळी प्रत्येक शेवटपर्यंत ऐकली. बाईंनी वहीत त्यांच्यापुढे खुणा केल्या. बाकीच्या पानांवर नावं आहेत, तारखा आहेत, मिनिटं-सेकंद आहेत. गाणी नाहीत. जुन्या पानांवरच्या तर गाणाऱ्याही नाहीत. मी बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पोर रांगायला लागलंय, परवा पाहून आले."

हे लिहितोय ते महाराजांची फजिती सांगायला नाही. असे महाराज पुन्हा येतील, फडक्याचा रंग बदलून. कळकळीने सांगायचंय ते एवढंच. जेव्हा एखादी गोष्ट विचित्र दिसेल आणि लगेच कुणी तिचं अद्भुत उत्तर देईल, तेव्हा एक दिवस थांबा. मोजता येत असेल ते मोजा. मेलेलेच का कण्हतात, हा प्रश्न घाबरून विचारू नका, उत्तर हवंय म्हणून विचारा. फडकं टाकलं की त्याखाली काय आहे ते बघायला मागा. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला कुणाची परवानगी लागत नाही आणि त्यासाठी काही बुडवावंही लागत नाही. आणि आम्ही शिकलेल्यांनी आमची चूक, कळली त्या दिवशी, सगळ्यांसमोर कबूल करावी. मी शनिवारीच पाड्यावर जाऊन म्हणालो असतो की हे माझ्याकडून बिघडलंय, का ते मला अजून कळलेलं नाही, पण मी शोधतोय, तर कदाचित काकड्या रविवारी अच्छाडला गेला नसता.